फोल्डिंग सायकलचे गिअर बदलायचेत? आधी दाते मोजा

रोज अपडाउन करणाऱ्या बडोदेकराला फोल्डिंग सायकलीइतकी सोयीची दुसरी गोष्ट नाही. दांडिया बाजारातून निघून स्टेशन गाठायचं, घडी घालून मेमू लोकल गाडीत पायाशी उभी करायची आणि आणंदला उतरून पुन्हा उघडायची. अडचण जाणवते ती रस्ता मोकळा मिळाल्यावर. आपलं शहर सपाट आहे. फत्तेगंजच्या बाजूला सकाळी लवकर निघालात की शेवटचा गिअर कधीच लागलेला असतो, पाय भराभर फिरत असतात आणि सायकलला वेग काही येत नाही. मग दुकानात जाऊन ‘सातचे दहा गिअर करून द्या’ असं सांगितलं जातं. हा पैसा बहुतेक वेळा वाया जातो, कारण गिअर किती आहेत यापेक्षा ते कुठून कुठपर्यंत पोचतात याला महत्त्व आहे.

म्हणून सुरुवात पान्ह्याने न करता कागद-पेन्सिलीने करा. 20 इंची चाक (टायरवर 406 हा आकडा असलेलं) एका फेऱ्यात साधारण दीड मीटर जातं. पुढच्या चेनव्हीलचे (पेडलजवळच्या मोठ्या चक्राचे) दाते भागिले मागच्या चक्राचे दाते, गुणिले दीड: पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती मीटर सरकते ते असं कळतं. समजा पुढे 46 दाते आहेत आणि मागे 14 ते 28. सगळ्यात हलका गिअर 2.46 मीटरचा आणि सगळ्यात जड 4.93 मीटरचा झाला. तासाला 25 किलोमीटरचा वेग धरायचा तर या जड गिअरवर मिनिटाला सुमारे 85 फेरे मारावे लागतात. आता पुढे 52 आणि मागे 11 ते 32 लावून पाहा. हलका गिअर 2.44, म्हणजे जवळजवळ होता तिथेच. जड गिअर मात्र 7.09 मीटरचा, आणि त्याच वेगाला 59 फेरे पुरतात. गिअर सातच राहिले, तरी सायकलची चाल पार बदलली. फ्लायओव्हरचा चढ पूर्वीइतकाच सोपा राहिला, हा त्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग.

सुट्टीच्या दिवशी पावागडला जाऊन माचीपर्यंतचा रस्ता चढायची हौस असेल तर पुढचं 46 तसंच ठेवा, फक्त मागचा संच 11-32 चा घ्या. तेव्हा हलका गिअर 2.16 वर येतो आणि जड 6.27 वर जातो. निव्वळ शहरात चालवणाऱ्यालाही मी हाच मार्ग सुचवेन, कारण यात पुढचं काहीच उघडावं लागत नाही.

सायकलवर काय बसलंय ते ओळखा

मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट, हे ठरल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. दोन्ही दिसायला सारखीच. फ्रीव्हील हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आट्यांवर अख्खं फिरवून बसवलेलं असतं, तर कॅसेटची चक्रं खाचांवर सरकवून वरून लॉकरिंगने घट्ट केलेली असतात. सगळ्यात लहान चक्राच्या आत, एक्सलभोवती, पान्हा बसायच्या खाचा दिसतील. त्यांच्याकडे पाहत चक्रं हाताने उलटी फिरवा. खाचाही बरोबर फिरल्या तर कॅसेट, त्या जागच्या जागी राहिल्या तर फ्रीव्हील.

स्वस्त सायकलींवर बहुतेक फ्रीव्हीलच असतं, आणि त्यात काही कमीपणा नाही. 11 दात्यांपासून सुरू होणारी सात चक्रांची फ्रीव्हील मिळतात. आठ चक्रांच्या फ्रीव्हीलच्या वाटेला मात्र जाऊ नका. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजव्या बाजूचं बेअरिंग आत असतं, त्यामुळे चक्रं वाढली की एक्सलचा आधाराविना राहिलेला भाग लांबतो आणि खड्ड्यात आपटून तो वाकतो. आठ किंवा नऊ गिअर हवेच असतील तर कॅसेटचं हब घ्यावं लागेल. जुनं रिम ठेवून नव्या हबवर आरे बांधून देणारा जुना कारागीर गाठीला असेल तर उत्तम. हब घेण्याआधी मागच्या फ्रेमच्या दोन पात्यांमधलं आतलं अंतर मोजा. कुठे ते 130 मिलिमीटर असतं, कुठे 135. फ्रेम ताणून हब बसवायची जबरदस्ती ॲल्युमिनियमवर अजिबात करू नये.

पुढचं चेनव्हील बदलायचं असेल तर ते क्रँकला (पेडलच्या दांड्याला) रिव्हेटने जोडलंय की बोल्टने, ते पाहा. रिव्हेट असतील तर अख्खा क्रँकसेट बदलावा लागतो. पाच बोल्ट असतील तर शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजा. 76.4 मिलिमीटर भरलं तर बोल्टांचं वर्तुळ 130 मिलिमीटरचं असलेलं चेनव्हील लागेल, 64.7 भरलं तर 110 चं. मोठं चेनव्हील फ्रेमच्या पात्याला घासत नाही ना, आणि घडी घातल्यावर त्याचे दाते जमिनीला टेकत नाहीत ना, हे आधी तपासा. टेकले तर स्टेशनच्या पायऱ्यांवर एखादा दाता वाकायला वेळ लागत नाही.

डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग, निवडताना लांब पायाचा (पुल्यांचा खाली लोंबणारा सांगाडा लांब असलेला) घेऊ नका. 20 इंची चाकाचा एक्सल मुळात जमिनीजवळ, त्यात लांब पाय खाली लोंबला की स्पीडब्रेकरच्या कडेला किंवा फुटपाथला लागलाच म्हणून समजा. पुढे एकच चेनव्हील असल्यामुळे डिरेलरला 11-32 साठी फक्त 21 दात्यांची ढील आवरायची असते, ते मध्यम पायाला सहज जमतं. 32 दात्यांचं चक्र त्याला झेपतं का, एवढं विचारून घ्या. शिफ्टर चक्रांच्या संख्येचाच हवा. सातच्या शिफ्टरवर आठ चक्रं ठोकून चालवली तर कुठला ना कुठला गिअर कायम कुरकुरत राहतो.

उघडणं आणि बसवणं

मागचं चाक काढा. फ्रीव्हीलला त्याच्या खाचांचा पुलर लागतो. प्रत्येक पेडलगणिक फ्रीव्हील आणखी आवळत गेलेलं असल्यामुळे हातातल्या पान्ह्याने ते हलत नाही. पुलर व्हाइसमध्ये पकडायचा, चाक वरून त्यावर बसवायचं आणि रिम स्टिअरिंगसारखं दोन्ही हातांनी डावीकडे फिरवायचं. एकदा ‘कट्’ आवाज आला की पुढचं बोटाने निघतं. घरी व्हाइस नसेल तर एवढ्या एका कामासाठी मेकॅनिककडे जा, त्यात लाज नाही. नवीन फ्रीव्हील चढवताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले दोन-तीन फेरे पान्हा न लावता हाताने द्या. आटे तिरके बसले तर हब कामातून जातं. कॅसेट असेल तर जुनी चक्रं चेन व्हिपने (चेनचा तुकडा लावलेल्या दांड्याने) धरून लॉकरिंग सोडवायची.

क्रँक काढायचा असेल तर पुलरचे आटे शेवटपर्यंत आत गेल्याशिवाय जोर लावू नका. पेडल काढताना डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, हे ध्यानात ठेवा.

चेन नवीनच घ्या. पुढे 6 आणि मागे 4 दाते वाढले की चेन साधारण 5 कड्यांनी कमी पडते, म्हणजे 6 कड्या जास्त धराव्या लागतात. सात आणि आठ गिअरना एकच चेन चालते. लांबी ठरवताना चेन डिरेलरमधून न ओवता पुढच्या चेनव्हीलवरून मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर गुंडाळा, जिथे टोकं भिडतील तिथून 2 कड्या जास्त ठेवून तोडा.

आता डिरेलर. केबल न जोडताच सुरुवात करायची. मागून पाहत ‘एच’ लिहिलेला स्क्रू असा फिरवा की वरची छोटी पुली सगळ्यात लहान चक्राच्या बरोबर खाली येईल. मग डिरेलर हाताने आत ढकलून ‘एल’ स्क्रूने मोठ्या चक्राची हद्द ठरवा. ही हद्द चुकली तर चेन आऱ्यांमध्ये जाते, म्हणून इथे घाई नको. मोठं चक्र आणि वरची पुली यांच्यात 5-6 मिलिमीटर फट ठेवा. मग शिफ्टर सगळ्यात जड गिअरवर आणून केबल ताणून आवळा. मोठ्या चक्रावर चढायला चेन आळस करत असेल तर केबलच्या टोकाचा ॲडजस्टर मागून पाहून घड्याळाच्या उलट दिशेला अर्धा फेरा द्या. लहान चक्रावर उतरताना अडत असेल तर सुलट. एका वेळी अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त नाही.

घडीची परीक्षा

साध्या सायकलचा मेकॅनिक इथे हमखास गडबडतो. तो केबलचं आवरण नीटनेटकं, आखूड कापतो. फोल्डिंग सायकलीत ते बिजागराजवळ आणि हँडलच्या खांबाजवळ सैल कमान करून गेलं पाहिजे. म्हणून आवरण कापण्याआधी ते टेपने तात्पुरतं बांधा, फ्रेम पूर्ण मिटवा, हँडल खाली पाडा आणि कमान कुठे ताणली जाते, कुठे बिजागराच्या दोन पात्यांत चिमटते ते पाहा. ताण दिसला तर बोटभर वाढवा. मग उघडून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. हँडल वळवताना गिअर आपोआप बदलत असेल तर आवरण अजून आखूडच आहे.

पुढे डिरेलर नसल्याने घडी घालताना किंवा खड्ड्यात चेन उतरू शकते. चेनव्हीलच्या दोन्ही बाजूंना गार्ड लावा, नाहीतर आलटून-पालटून जाड आणि बारीक दात्यांचं चेनव्हील घ्या. 52 ही सम संख्या आहे, तेव्हा तसं चेनव्हील चालतं.

वेग वाढला की ब्रेकही त्या तोडीचे हवेत. रबर झिजले असतील तर याच खेपेला बदला. टायर घेताना त्यावरचा 406 हा आकडा पाहूनच घ्या. 451 चा टायरही 20 इंचीच म्हणवतो, पण तुमच्या रिमवर तो बसणार नाही.

पहिल्या आठवड्यात नवीन केबल थोडी सैलावते आणि गिअर अडखळू लागतात. ॲडजस्टर पाव-अर्धा फेरा फिरवला की काम झालं. क्रँकचे बोल्टही त्याच वेळी एकदा आवळून घ्या. पावसाळ्यात अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात) पाणी भरलं असेल तर सायकल त्यातून नेऊ नका. चाक लहान असल्यामुळे हब लवकर बुडतं, आणि नेलीच असेल तर चेन पुसून तेल द्या आणि हबमधलं ग्रीस त्याच आठवड्यात बदलून घ्या.