अमेरिकी सरकारचा नियम किंवा नोटीस वाचताना आणि दुसऱ्याला समजावताना या चुका टाळा

१९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. एच-१बीच्या, म्हणजे परदेशी कुशल कर्मचाऱ्यांसाठीच्या कामाच्या व्हिसाच्या, अर्जासोबत १ लाख डॉलर भरावे लागतील, असा राष्ट्राध्यक्षांचा जाहीरनामा निघाला. तो रविवारी, २१ तारखेला, मध्यरात्री १२ वाजून १ मिनिटाने लागू होणार होता. मधल्या दीड दिवसात काय झालं ते अनेकांना आठवत असेल. मोठमोठ्या कंपन्यांनी बाहेरदेशी असलेल्या कर्मचाऱ्यांना तातडीने परत यायला सांगितलं. नवरात्राच्या तोंडावर घरी आलेल्यांनी मिळेल त्या भावाला परतीची तिकिटं काढली. शनिवारी यूएससीआयएसने, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज हाताळणाऱ्या सरकारी खात्याने, खुलासा केला की ही अट यापुढे दाखल होणाऱ्या अर्जांना आहे, आधीच व्हिसा असणाऱ्यांना नाही.

जाहीरनाम्याचा मजकूर संदिग्ध होता, त्यामुळे घाबरणाऱ्यांना दोष देता येत नाही. पण त्या रात्री आपल्या ग्रुपांवर जे मराठी मेसेज फिरले, त्यात ‘दरवर्षी १ लाख’, ‘सगळ्या एच-१बीवाल्यांना’, ‘आता परत येताच येणार नाही’ असं सगळं ठामपणे लिहिलेलं होतं. ‘मजकुरात एवढंच म्हटलंय, अमुक गोष्ट स्पष्ट नाही, खुलाशाची वाट बघा, बाहेर असाल तर कंपनीच्या वकिलाला विचारा’ असं चार ओळींत लिहिलं असतं, तर कितीतरी लोकांचे पैसे आणि झोप वाचली असती.

मंडळात, ऑफिसात किंवा घरात ‘जरा हे पत्र बघ ना, काय म्हणतायत?’ असं ज्यांना विचारलं जातं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. हे काम मोलाचं आहे, म्हणूनच ते नीट व्हायला हवं.

कागद कोणत्या जातीचा आहे हे न बघता अर्थ सांगणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. प्रस्ताव, अंतिम नियम, जाहीरनामा, खात्याचं अंतर्गत मार्गदर्शन, कोर्टाचा आदेश, तुमच्या नावाने आलेली नोटीस या प्रत्येकाचं वजन वेगळं असतं. बातमीत मात्र सगळ्यांना ‘नवा नियम’ म्हणतात.

एच-१बीवाल्यांच्या जोडीदारांना मिळणाऱ्या एच-४ व्हिसावरच्या कामाच्या परवान्याचं, म्हणजे ईएडीचं, उदाहरण घ्या. हा नियम २०१५ मध्ये आला आणि त्याच वर्षी २६ मेपासून लागू झाला. २०१७ च्या अखेरीस गृहसुरक्षा खात्याने पुढच्या कामांच्या यादीत ‘हा नियम रद्द करण्याचा प्रस्ताव’ अशी नोंद टाकली. ती फक्त यादीतली नोंद होती. तरी ‘एच-४ ईएडी बंद’ असे मेसेज फिरू लागले आणि पुढची तीन वर्षं थांबले नाहीत. या काळात रद्द करण्याचा प्रस्ताव राजपत्रात एकदाही प्रसिद्ध झाला नाही. जानेवारी २०२१ मध्ये तो मागेच घेतला गेला. दरम्यान माझ्या ओळखीतल्या काही जणींनी चांगल्या नोकऱ्या नाकारल्या, घर घेणं पुढे ढकललं. कायद्याने त्यांचा परवाना एक दिवसही थांबला नव्हता.

नियम होण्याची नेहमीची वाट अशी: आधी प्रस्ताव प्रसिद्ध होतो. मग लोकांच्या हरकती-सूचनांसाठी मुदत असते, बहुतेक वेळा ३० ते ६० दिवस. त्यानंतर अंतिम नियम येतो आणि तो साधारणपणे प्रसिद्धीनंतर किमान ३० दिवसांनी लागू होतो. याला अपवाद आहेत. ‘इंटरिम फायनल रूल’ आधी लागू होतो आणि सूचना नंतर मागवल्या जातात. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत नोंदलेल्या छोट्या कंपन्यांना मालकीची माहिती फिनसेनकडे, म्हणजे अमेरिकी अर्थखात्याच्या आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणाऱ्या विभागाकडे, देण्यातून सूट मिळाली, ती याच मार्गाने.

हे सगळं ‘फेडरल रजिस्टर’मध्ये छापलं जातं. हे अमेरिकी केंद्र सरकारचं राजपत्र १९३६ पासून कामकाजाच्या प्रत्येक दिवशी निघतं आणि इंटरनेटवर फुकट वाचता येतं. दस्तऐवज शंभर पानांचा असला तरी पहिल्या पानावरच्या तीन गोष्टी आधी बघा. ‘ॲक्शन’ या शब्दापुढे प्रस्ताव आहे की अंतिम नियम ते लिहिलेलं असतं. ‘समरी’मध्ये गाभा असतो. ‘डेट्स’मध्ये लागू होण्याची किंवा सूचना पाठवण्याची तारीख असते. त्यानंतरची बरीच पानं म्हणजे खात्याने दिलेली कारणं आणि लोकांच्या सूचनांना दिलेली उत्तरं. नियमाचे शब्द अगदी शेवटी येतात. मधल्या चर्चेतलं एखादं वाक्य उचलून ‘नियमात असं लिहिलंय’ म्हणून पुढे पाठवणं ही चूक वर्तमानपत्रंसुद्धा करतात.

आयआरएसच्या सीपी २००० पत्राला बिल समजणं

आयआरएस म्हणजे अमेरिकेचं आयकर खातं. त्यांचं हे पत्र आयटीत काम करणाऱ्या मराठी घरांत फार येतं, म्हणून जरा सविस्तर.

समजा, कंपनीने दिलेले २०,००० डॉलरचे शेअर तुमच्या नावावर झाले. ती रक्कम पगारात धरली गेली, डब्ल्यू-२ मध्ये, म्हणजे कंपनीच्या पगार-कराच्या वार्षिक पत्रकात, आली, त्यावर करही कापला गेला. त्याच आठवड्यात तुम्ही ते २०,१०० ला विकले. कर तर भरलाच आहे, म्हणून विवरणपत्रात विक्री दाखवली नाही. इकडे ब्रोकरने आयआरएसला १०९९-बी पाठवला. त्यात विक्रीची रक्कम २०,१०० आणि खरेदीच्या रकान्यात बऱ्याचदा शून्य, नाहीतर काहीच नाही. आयआरएसच्या संगणकाला २०,१०० ची विक्री दिसते आणि विवरणपत्रात तिचा पत्ताच नाही. म्हणून वर्ष-दीड वर्षाने पत्र येतं: पूर्ण रकमेवर कर, वर व्याज, कधी दंडही.

पत्र हातात पडल्यावर लोक दोन टोकं गाठतात. काही जण घाबरून चेक लिहून मोकळे होतात. काही जण ‘कर भरलाय ना आपण’ म्हणून ते ड्रॉवरमध्ये टाकतात.

मुळात ही मागणी नसते. ‘आमच्याकडची माहिती आणि तुमचं विवरणपत्र जुळत नाही, आम्ही असा बदल सुचवतो, तुम्हाला मान्य आहे का?’ असा तो प्रश्न असतो. वरच्या उदाहरणात कर लागायला हवा तो १०० डॉलरच्या नफ्यावर. सोबतच्या उत्तराच्या फॉर्मवर ‘मान्य नाही’ अशी खूण करायची, शेअर विक्रीची नोंद करणारे फॉर्म ८९४९ आणि शेड्यूल डी भरून जोडायचे, शेअर नावावर झाल्याचं ब्रोकरचं विवरण आणि डब्ल्यू-२ ची प्रत लावायची आणि अर्ध्या पानात हिशेब लिहायचा. ट्रॅकिंग असलेल्या टपालाने पाठवायचं. मुदत पत्रावरच छापलेली असते, साधारण ३० दिवसांची. कागद जमत नसतील तर त्या मुदतीच्या आत फोन करून वाढवून मागता येते.

उत्तरच दिलं नाही, तर पुढचं पत्र कायदेशीर नोटीस म्हणून येतं. त्यानंतर टॅक्स कोर्टात जायला ९० दिवस मिळतात, पत्र अमेरिकेबाहेरच्या पत्त्यावर आलं असेल तर १५०. ही मुदत फोनवरचा अधिकारी वाढवून देऊ शकत नाही. ‘मी फोन केलाय, ते बघतायत’ म्हणून लोक थांबतात आणि दिवस संपतात. दोन्ही पत्रांचं कागदाचं रूप सारखंच असतं, त्यामुळे कोपऱ्यातला नोटीस क्रमांक आधी वाचा.

तारीख चुकीच्या जागेवरून मोजणं

यूएससीआयएसने अधिक पुरावे मागितले की मिळणारी मुदत जास्तीत जास्त ८४ दिवसांची असते, कधी कमीही. ‘८४ दिवस असतात’ असं ऐकीव सांगू नका, त्या पत्रावरची तारीख सांगा. उत्तर त्या तारखेपर्यंत त्यांच्याकडे पोचलं पाहिजे, तुम्ही टपालात टाकलं एवढ्याने भागत नाही. शिवाय सगळे पुरावे एकदाच पाठवायचे असतात. अर्धे आत्ता पाठवून ‘बाकीचे नंतर देतो’ म्हटलं, तर ते आहे त्या कागदांवर निर्णय देऊ शकतात.

घर बदललं तर टपाल खात्याला कळवणं पुरत नाही. बहुतेक परदेशी नागरिकांनी १० दिवसांत यूएससीआयएसला वेगळं कळवायचं असतं. आयआरएसला कळवण्यासाठी फॉर्म ८८२२ आहे. आयआरएसने नोटीस शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर पाठवली की ती कायद्याने पोचली असं धरलं जातं, तुमच्या हातात पडो न पडो.

पावतीला मंजुरी आणि व्हिसाच्या तारखेला मुक्कामाची तारीख समजणं

आय-७९७सी नावाचा कागद ही बहुतेक वेळा अर्ज मिळाल्याची पोच असते. या नोटिशीने कोणताही दर्जा किंवा लाभ मिळत नाही, असं त्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. तरी ‘७९७ आला, काम झालं’ म्हणून अभिनंदनं सुरू होतात.

दुसरी गोष्ट आई-बाबांची. त्यांच्या पासपोर्टवर १० वर्षांचा व्हिसा असतो, म्हणून हवं तितकं राहता येईल असं वाटतं. व्हिसा हा फक्त दारापर्यंत येण्यासाठी असतो. किती दिवस राहायचं ते आय-९४ वरची, म्हणजे देशात प्रवेश केल्याच्या नोंदीवरची, तारीख ठरवते, आणि पर्यटकांना ती बहुधा ६ महिन्यांची मिळते. विमानतळावरून घरी आलात की त्याच आठवड्यात सीबीपीच्या, म्हणजे सीमेवर तपासणी करणाऱ्या खात्याच्या, साइटवरून आय-९४ काढून बघा.

एच-१बीवाल्यांनी तर प्रत्येक प्रवासानंतर बघायला हवं. मंजुरी २०२८ पर्यंतची आहे, पण पासपोर्ट २०२७ मध्ये संपतोय, तर अधिकारी बऱ्याचदा पासपोर्टच्या तारखेपर्यंतचाच आय-९४ देतो. पुढे पासपोर्टचं नूतनीकरण होतं, पण आय-९४ आपोआप वाढत नाही. कंपनीच्या फाइलीत २०२८ लिहिलेलं असतं, त्यामुळे तिकडूनही कोणी सावध करत नाही.

सोपं करण्याच्या नादात अट गाळणं

‘भारतातल्या खात्यात १०,००० डॉलरच्या वर असतील तरच एफबार भरायचा.’ (एफबार म्हणजे परदेशातल्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म.) हे वाक्य सोपं आहे आणि चुकीचं आहे. मर्यादा एका खात्याची नाही. परदेशातल्या सगळ्या खात्यांची वर्षातली कमाल शिल्लक एकत्र धरायची. पुण्यातलं एनआरओ खातं ४,००० डॉलरचं, आईबरोबरचं जॉइंट खातं ४,००० चं आणि एक एफडी ३,००० ची, म्हणजे झाले ११,०००. तिन्ही दाखवायची. जॉइंट खात्यातले पैसे आईचे असले तरी ते गाळता येत नाही, आणि फक्त सहीचा अधिकार असलेलं खातंही यात येतं. हा फॉर्म आयआरएसच्या विवरणपत्राबरोबर जात नाही, तो फिनसेनकडे स्वतंत्र भरायचा असतो. मुदत १५ एप्रिल, आणि न मागता १५ ऑक्टोबरपर्यंत वाढलेली. अनिवासी भारतीयांच्या एनआरई ठेवीच्या व्याजावर भारतात कर नाही, पण अमेरिकेचे करनिवासी असाल तर इथे तो आहे.

सोपं लिहायचं म्हणजे वाक्य लहान करायचं. अट लहान करायची नाही. २०१० च्या कायद्याने अमेरिकी सरकारी खात्यांना पत्रं, फॉर्म आणि सूचना साध्या भाषेत लिहिणं बंधनकारक केलं आहे, पण खुद्द नियमांना त्यातून वगळलं आहे. म्हणून नियम डोक्यावरून गेला तर त्या खात्याच्या फॉर्मसोबतची माहितीपुस्तिका वाचा, ती बरीच सुबोध असते.

ग्रुपवर मेसेज टाकताना त्यात एवढं तरी असू द्या: कागद कोणता, तो कोणाला लागू आहे, कोणाला नाही, कधीपासून, काय करायचं, आणि मूळ दस्तऐवजाची लिंक. वर आजची तारीख लिहा. नियम बदलतो आणि दोन वर्षांपूर्वीचा स्क्रीनशॉट फिरत राहतो. आयआरएसच्या नावाने आलेला फोन गिफ्ट कार्डवर पैसे मागत असेल तर तो फसवणुकीचाच. आयआरएस बहुतेक वेळा पहिला संपर्क टपालाने करतं, आणि खरं-खोटं आयआरएसच्या साइटवर स्वतःच्या खात्यात जाऊन बघता येतं.

मदत कुठे थांबवायची ते न ओळखणं

पत्राचा मराठीत अर्थ सांगणं, भाषांतर करणं, तारखा दाखवून देणं हे कोणीही करू शकतं. ‘तुम्ही अमुक फॉर्म भरा, या प्रश्नाला असं उत्तर द्या’ हा इमिग्रेशनच्या बाबतीत कायदेशीर सल्ला होतो. तो वकील किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेले प्रतिनिधीच देऊ शकतात. हे प्रतिनिधी सेवाभावी संस्थांमध्ये असतात, फी फार कमी घेतात आणि त्यांची यादी न्याय खात्याच्या साइटवर राज्यवार मिळते. कराच्या तंट्यात उत्पन्न कमी असेल तर करदात्यांसाठीची क्लिनिकं आहेत, तीही फुकट किंवा नाममात्र शुल्कात. आयआरएसमध्येच अडकलेल्या प्रकरणांसाठी टॅक्सपेअर ॲडव्होकेटचं स्वतंत्र कार्यालय आहे आणि प्रत्येक राज्यात त्याची किमान एक शाखा आहे.