रविवारच्या उपासनेत नाट्यप्रवेश आणि दृश्य दाखले कसे योजावेत

नाताळच्या कार्यक्रमातले नाटक आणि रविवारच्या उपासनेतला नाट्यप्रवेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक ज्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या समुदायाने, आधी समजून घेतला तिचे निम्मे काम झाले असे मी म्हणेन. कार्यक्रमाला लोक पाहायला बसलेले असतात. उपासनेत तेच लोक देवासमोर आलेले असतात. म्हणून उपासनेतला प्रवेश स्वतःपाशी संपता कामा नये. तो जेथे थांबेल तेथून वचनाने, प्रार्थनेने किंवा गीताने पुढे चालले पाहिजे. सोलापुरात शब्बाथ शाळेची (रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाची) मुले, तरुण संघ आणि महिला मंडळ यांच्याबरोबर असे प्रवेश बसवताना जे शिकायला मिळाले ते येथे मांडत आहे.

प्रथम पाळकांशी आणि मंडळीच्या पंचांशी बोलावे. मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, नाटक कशाला, असा प्रश्न एखादे वडीलधारे विचारतातच, आणि त्या प्रश्नाचा मान राखला पाहिजे. त्याचे उत्तर पवित्र शास्त्रातच, म्हणजे बायबलमध्येच, आहे. यहेज्केल संदेष्ट्याने विटेवर यरुशलेमचे चित्र काढून तिला वेढा घातला. अगब संदेष्ट्याने पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधले. प्रभूने बालकाला शिष्यांच्या मध्ये उभे केले आणि पुढे त्यांचे पाय धुतले. युरोपातील मठांमध्ये दहाव्या शतकात पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेपाशी आलेल्या स्त्रिया आणि देवदूत यांचा छोटा संवाद उपासनेतच गायला जात असे, आणि 1223 साली असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेच्चो गावी गव्हाण मांडून लोकांना जन्मकथा डोळ्यांनी दाखविली. आपल्या भाषेत रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी कीर्तनाचा मार्ग सुवार्तेसाठी वापरला. कीर्तनाची रीत आजही उपयोगी पडते: एकच माणूस उभा असतो, खांद्यावरचे उपरणे कमरेला बांधले की तो नोकर होतो, डोक्यावर घेतले की आई होते, आणि आख्यान संपल्यावर तो पुन्हा मूळ वचनाकडे येतो. ज्या मंडळीत कलाकार कमी आहेत तिने याच रीतीने सुरुवात करावी.

विषय निवडताना तरुणांना काय करायला आवडेल येथून न निघता त्या रविवारच्या वाचनापासून निघावे. तो उतारा तीनदा मोठ्याने वाचावा आणि त्यात नेमके काय घडते ते एका वाक्यात लिहावे. हे टाळल्यामुळे होणाऱ्या चुकीचे एक उदाहरण देतो. कुंभाराचा दाखला दाखवायचा म्हटले की कोणीतरी मडके आणून फोडतो. परंतु यिर्मयाच्या 18व्या अध्यायात कुंभाराच्या चाकावर बिघडलेली माती ओली आहे आणि तिचे दुसरे भांडे घडते, तर 19व्या अध्यायात फोडलेले मडके भाजलेले आहे आणि ते पुन्हा सांधता येत नाही. एकात आशा आहे, दुसऱ्यात न्याय आहे. संदेश पहिल्याचा आणि कृती दुसऱ्याची झाली, तर मंडळी घरी जाताना मडके फुटल्याचा आवाज तेवढा घेऊन जाते. ओल्या मातीसाठी कुंभारवाड्यातून गोळा आणून पाळकांच्या शेजारी एखाद्याने तो शांतपणे घडवीत बसावे, यापेक्षा अधिक काही लागत नाही. मडके फोडायचेच असेल तर ते जाड कापडात गुंडाळून फोडावे, म्हणजे खापऱ्या पुढच्या बाकांपर्यंत उडत नाहीत.

दाखला आपल्या मातीत आणताना त्याचा मूळ अर्थ सुटणार नाही याची काळजी घ्यावी. पेरणाऱ्याचा दाखला, ज्यात बी वाटेवर, खडकाळ जागी, काट्यांत आणि चांगल्या मातीत पडते, हे याचे चांगले उदाहरण आहे. आपल्या जिल्ह्यातला ज्वारी पेरणारा शेतकरी पाभरीने पेरतो. चाड्यावर मूठ धरणारा माणूस वाटेवर बी सांडू देत नाही. त्यामुळे दाखल्यातला पेरणारा त्याला निष्काळजी वाटू शकतो. येथे मुलाच्या हातात पाभर न देता झोळी द्यावी, त्याला मूठ भरून बी फोकून पेरायला लावावे, आणि त्या काळी असेही पेरीत असत एवढे निवेदकाने एका वाक्यात सांगावे. चार पसरट घमेल्यांत तुडवलेली वाट, मुरूम, काटेरी झुडपाची माती आणि काळी माती ठेवावी, आणि उपासनेनंतर लोकांना त्यांत हात घालून पाहू द्यावे. याउलट काही वचने सोलापुरात जशीच्या तशी पोहोचतात. ईयोब 7व्या अध्यायात आपले दिवस विणकराच्या धोट्याहून वेगाने जातात असे म्हणतो. ज्या शहरात अनेक घरांनी मागावर पोट भरले आहे तेथे पाळकांनी हातात लाकडी धोटा धरून तो नुसता वर उचलला तरी मागच्या बाकांवरची माणसे सरळ होऊन बसतात. अशा वेळी अभिनयाची गरजच नसते.

संहिता पाच ते सात मिनिटांची असावी. हाताने लिहिलेली दोन पाने याला पुरेशी होतात. पात्रांचे बोलणे आपल्या घरातल्यासारखे साधे ठेवावे, मात्र वचन वाचायचे तेव्हा ते पवित्र शास्त्रातून, पुस्तक हातात धरूनच वाचावे. आपल्या मंडळ्यांत घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारेही बसलेले असतात. त्यांच्यासाठी लांब संवादापेक्षा हालचाल अधिक बोलते. प्रभू येशूची भूमिका कोणाला द्यावी का, याबद्दल मतभेद आहेत. माझे मत असे की उपासनेत ती देऊ नये. खोटी दाढी लावलेला ओळखीचा मुलगा समोर आला की मंडळीचे लक्ष त्या मुलाकडे जाते. त्याऐवजी प्रभूचे शब्द मागून वाचले जावेत आणि इतर पात्रांनी एका रिकाम्या जागेकडे पाहावे. वधस्तंभाच्या प्रवेशात यहूदी लोकांना खलनायक करू नये, कोणत्याही पात्राला विशिष्ट समाजाची बोली देऊन हसू आणू नये, आणि शेजाऱ्यांच्या श्रद्धेची थट्टा तर कधीच करू नये.

तालीम मंदिरातच करावी आणि तालमीच्या वेळी एका माणसाला शेवटच्या बाकावर बसवावे. त्याला जे दिसत नाही ते नाहीच असे समजावे. जमिनीवर बसून किंवा गुडघे टेकून केलेला अभिनय तिसऱ्या बाकामागे कोणालाही दिसत नाही, हे त्याच्यामुळे लगेच कळते. माइकवर विसंबून राहू नये, कारण वीज नेमकी तेव्हाच जाते. प्रोजेक्टरच्या बाबतीत आम्ही एकदा मोठी चूक केली: पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) सकाळी भिंतीवर चित्रे दाखवायचे ठरविले, तालीम संध्याकाळी केली, आणि सकाळी पूर्वेच्या खिडकीतून आलेल्या उन्हात एकही चित्र दिसले नाही. तेव्हापासून आम्ही ज्या वेळेची उपासना त्याच वेळी तालीम करतो, आणि शक्य तेथे कापडावर रंगवलेले मोठे चित्र वापरतो. एप्रिल-मे महिन्यांत मेणबत्त्यांचा प्रवेश करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पंखे चालू ठेवले तर ज्योत विझते आणि बंद केले तर वयोवृद्धांचा जीव घाबरा होतो. इतर वेळी मेणबत्त्या वापरल्यास वाळूची बादली जवळ असावी आणि पडद्यांपासून अंतर ठेवावे.

उत्तम शुक्रवारसाठी (गुड फ्रायडेसाठी), प्रभूच्या मरणाच्या वेळी यरुशलेमच्या मंदिराचा पडदा फाटला ते दृश्य सोलापुरात सहज करता येते, कारण कापड येथे मुबलक आहे. चादर किंवा टॉवेलचे कापड घेऊ नये, ते फाटत नाही. मोठ्या पन्ह्याचा साधा मांजरपाट घ्यावा. पडदा उंच दांडीवर अशा रीतीने लावावा की वरचे दोन्ही भाग बाजूंना सरकतील. वरच्या काठाच्या मधोमध कात्रीने वीतभर चीर द्यावी, चिरेच्या दोन्ही अंगांना दोरी बांधावी आणि दोन माणसांनी आडोशाला उभे राहून एकाच वेळी ती विरुद्ध दिशांना ओढावी. कापड ताण्याच्या सुतांच्या दिशेने सरळ खाली फाटत जाते, जसे मत्तय 27:51 मध्ये वरपासून खालपर्यंत असे लिहिले आहे, आणि ओढणारा हात कोणाला दिसत नाही. त्या कापडाचा आवाज शांत मंदिरात किती मोठा होतो हे आधी एका तुकड्यावर ऐकून पाहावे. तो आवाज झाल्यावर किमान एक मिनिट कोणी काहीही बोलू नये. पेटीवाल्यालाही हे आधी सांगून ठेवावे.

प्रवेशानंतर टाळ्या नकोत, हे आराधना चालविणाऱ्याने सुरुवातीलाच प्रेमाने सांगावे. मुलांचे कौतुक उपासनेनंतर अंगणात मनसोक्त करावे, कारण त्यांनी मेहनत केलेली असते.

शेवट कसा करावा हे मला उधळ्या पुत्राच्या दाखल्याने शिकविले. घर सोडून गेलेला धाकटा मुलगा परत येतो त्या बाप-लेकाच्या भेटीवर बहुतेक जण पडदा पाडतात. लूक 15 मात्र तेथे संपत नाही. तेथे थोरला भाऊ दाराबाहेर उभा आहे, बाप त्याची समजूत घालतो आहे, आणि तो आत गेला की नाही हे लिहिलेलेच नाही. म्हणून आम्ही मेजवानी वेदीजवळ मांडतो आणि थोरल्या भावाला मंदिराच्या खऱ्या दारात, चपला पायात ठेवून, उभे करतो. मंडळीला मान मागे वळवून त्याच्याकडे पाहावे लागते. बापाचे शेवटचे वाक्य झाले की मुलगा तसाच उभा राहतो, पाळक पापांगीकाराच्या (पाप कबूल करण्याच्या) प्रार्थनेला सुरुवात करतात, आणि दार प्रार्थना संपेपर्यंत उघडेच ठेवले जाते.