इंग्रजी लेखनाचा अभ्यासक्रम बदलला, पण शिक्षकांना खरंच काय वाटतं ते कसं काढून घ्यायचं

अभ्यासक्रम बदलला की गुगल फॉर्म फिरतो आणि सगळे "पूर्णपणे सहमत"वर टिक करून मोकळे होतात, उगाच कशाला वाकड्यात शिरा. त्यामुळे मराठी माध्यमातल्या इंग्रजी शिक्षकांचं खरं मत हवं असेल, मग ते एमएडच्या प्रोजेक्टसाठी असो की शिक्षण परिषदेत मांडायला, तर फॉर्म शेवटी ठेवा.

आधी वह्या मागा. नववीच्या आठ-दहा घ्या आणि मित्राला लिहिलेलं पत्र काढा. सगळ्यांत "आय ॲम फाइन हिअर" आणि पुढची तीन वाक्यंही तीच असतील तर फळ्यावरून उतरवलंय हे उघड आहे, म्हणजे पुस्तक नवीन पण शिकवणं तेच. आता सरांना "का लिहून देता" असं विचारलंत तर गप्प बसतील, त्यापेक्षा "नाही लिहून दिलं तर काय होतं" विचारा. मग ऐका, पोरं वही कोरी ठेवतात, पालक म्हणतात सर काही करून घेत नाहीत, आणि परीक्षेत पत्र तर लिहायचंच असतं.

मग हिशोब त्यांनाच करू द्या. कच्चं लिखाण, त्यावर सूचना, परत लिहिणं, हे सगळ्यांना पटतंच. पण वर्गात ६० पोरं, एका वहीला ५ मिनिटं धरली तरी ५ तास, दोनदा तपासायचं तर १० तास, तेही एकाच तुकडीचं, वर निवडणुकीची कामं आहेतच. याला प्लीज "बदलाला विरोध" म्हणून नोंदवू नका.

मला सगळ्यात भारी वाटते ती आयडिया म्हणजे एकाच पोराचा परिच्छेद झेरॉक्स करून चार शिक्षकांना वेगवेगळं बसवून ५ पैकी मार्क द्यायला लावायचे. "माय फादर गो टू फार्म, ही टायर्ड बट ही लाफ" याला कोणी १ देईल, कोणी ४. नंतर का ते विचारा, एकाला क्रियापद खुपतं, दुसरीला पोराने स्वतःच्या मनाने लिहिलं याचंच कौतुक, आणि खरा वाद इथेच निघतो. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हाचे कोणी जुने सर-मॅडम असतील तर त्यांना सोडू नका, आतापर्यंतचा कुठला बदल वर्गात टिकला आणि कुठला कागदावरच राहिला हे त्यांना तोंडपाठ असतं.

बोलणं मराठीतच, मुख्याध्यापक नसताना, रेकॉर्डिंग न करता. फॉर्म करायचाच तर यातूनच निघालेली वाक्यं टाका आणि नावाचा रकाना काढून टाका.