ब्रेडमध्ये तेल बदलताय? मग या चुका टाळा

रेसिपीत लिहिलेलं असतं बटर नाहीतर ऑलिव्ह ऑइल आणि आपल्या ओट्यावर असतं शेंगदाणा तेल. बदललं तर चालतं, छान चालतं, फक्त त्या तेलाला वास किती आणि काढलेल्या बटरबरोबर पाणी किती गेलं एवढं बघायचं.

ब्रेड बऱ्याचदा बिघडतात ते बटरच्या जागी तेवढंच तेल घातल्यामुळे. 100 ग्रॅम बटरमध्ये साधारण 80 ग्रॅम फॅट असतं, बाकी बहुतेक पाणी, आणि तेल म्हणजे सगळं फॅटच. म्हणून 50 ग्रॅम बटर असेल तिथे 40 ग्रॅम तेल घ्या आणि दूध किंवा पाणी दोन छोटे चमचे वाढवा. बटर मिठाचं असेल तर चिमूटभर मीठपण वाढवा, नाहीतर ब्रेड अळणी लागतो. 50 ला 50 घातलं की पीठ हातात चकचकीत होतं, ताणलं की लगेच तुटतं, मग आपण घाबरून वरून मैदा भुरभुरतो आणि लोफची वीट होते. मैदा अजिबात घालू नका, झाकून दहा मिनिटं ठेवा आणि परत मळा.

वासाचं म्हणाल तर मी एकदा मिल्क ब्रेडला घाण्याचं शेंगदाणा तेल घातलं, अर्धा किलो मैद्याला दोन मोठे चमचे, लोफ मस्त फुगला, आतून मऊ, पण जॅम लावून खाल्ला की मागून दाण्याचा वास यायचाच. तेच तेल लसूण-कोथिंबिरीच्या ब्रेडला इतकं जमून आलं की आता त्याला मी दुसरं वापरतच नाही. गोडसर ब्रेडला रिफाइंड सूर्यफूल, सोयाबीन, राइस ब्रान, यातलं कुठलंही एका तेलाच्या जागी दुसरं मापाला माप घाला. तळणीचं उरलेलं मात्र कधीच नको, तो वास भाजल्यावरही जात नाही.

खायचं खोबरेल वापरत असाल तर ते साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं, थंडीत फ्रिजमधल्या दुधात ओतलं की पांढरे कण होतात आणि पिठात नीट मिसळत नाहीत, तेव्हा दूध कोमट करून घ्या.

तेल यीस्टवर थेट ओतू नका. आधी मैदा, पाणी, यीस्ट कालवून 15-20 मिनिटं झाकून ठेवा, मग तेल थोडं थोडं घाला. सुरुवातीला पीठ निसटतं, फाटल्यासारखं दिसतं, पण चार-पाच मिनिटं मळलं की तेल पिऊन घेतं.

स्मोक पॉइंटची, म्हणजे तेल ज्या तापमानाला धूर सोडतं त्याची काळजी नको, भाजून तयार झालेल्या लोफच्या आत तापमान शंभर अंशांच्या आतच असतं. टिनला मात्र तेलाऐवजी तूप लावा, तेल लावलं तर ते पिठात शोषलं जातं आणि कोपरे चिकटतात.