एचआयव्ही लशींच्या अँटिबॉडी मोजायला येताय? मग हे आधी वाचा

एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करून मी लशींच्या चाचण्यांचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत रुजू झाले, तेव्हा माझं गणित सरळ होतं. लस टोचली, अँटिबॉडी तयार झाल्या, ज्या लशीचा टायटर, म्हणजे रक्तातलं अँटिबॉडीचं प्रमाण, जास्त ती लस वरचढ. पहिल्याच आठवड्यात सरांनी दोन चाचण्यांचे पेपर हातात दिले आणि म्हणाले, "हे जुळवून दाखव." नाही जुळलं.

दोन्ही चाचण्या थायलंडमधल्या. व्हॅक्स००३ मध्ये इंजेक्शनने ड्रग्ज घेणारे सुमारे २,५०० जण होते. त्यांना एड्सव्हॅक्स बी/ई या लशीचे, म्हणजे एचआयव्हीच्या आवरणावरच्या जीपी१२० प्रथिनाचे, सात डोस मिळाले, संरक्षण काहीच नाही. आरव्ही१४४ मध्ये १६,४०२ जण. त्यांना कॅनरीपॉक्स या पक्ष्यांच्या विषाणूवर बेतलेली अल्व्हॅक ही लस चार वेळा आणि शेवटच्या दोन वेळी जोडीला तेच एड्सव्हॅक्स. २००९ साली निकाल आला, ३१.२ टक्के संरक्षण. आता गंमत बघा. विषाणू निष्प्रभ करणाऱ्या अँटिबॉडी व्हॅक्स००३ मध्ये जास्त जोरदार होत्या. म्हणजे हरलेल्या लशीचे मार्क जास्त!

उत्तर आहे अँटिबॉडीच्या जातीत. आयजीजी या अँटिबॉडीचे उपप्रकार असतात. आरव्ही१४४ मध्ये आयजीजी३ ठळक होती, तर व्हॅक्स००३ मध्ये तेच प्रथिन पुन्हापुन्हा टोचल्यावर आयजीजी४ वाढली. आयजीजी३ नॅचरल किलर (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या) आणि भक्षक पेशींना हाक मारते. आयजीजी४ विषाणूला चिकटते, पण मदतीला फारसं कुणाला बोलवत नाही. नुसत्या एकूण आयजीजीच्या एलायझात (अँटिबॉडी मोजायच्या नेहमीच्या तपासणीत) हा फरक दिसतच नाही, त्यासाठी उपप्रकारांची वेगळी तपासणी लावावी लागते. २०१२ मध्ये आरव्ही१४४ मधल्या संसर्ग झालेल्या ४१ आणि न झालेल्या २०५ लसधारकांचे नमुने ताडून पाहिले गेले. जीपी१२० च्या व्ही१व्ही२ या भागाविरुद्धची आयजीजी जास्त, तर धोका कमी. रक्तातली आयजीए ही दुसऱ्या प्रकारची अँटिबॉडी जास्त, तर धोकाही जास्त. अर्थात हा नुसता संबंध आहे, कारण नव्हे. शिवाय सुईतून थेट रक्तात जाणारा विषाणू आणि लैंगिक संबंधातून येणारा विषाणू हा सामनाही सारखा नाही. मुलाखतीत हा मुद्दा स्वतःहून काढलात तर समोरच्याचा चेहरा खुलतो.

आता माझी फजिती. दोन चाचण्यांच्या एमएफआय आकड्यांचा मी एकच सुंदर आलेख काढला होता. एमएफआय म्हणजे तपासणीतल्या बारीक मण्यांवर चिकटलेल्या अँटिबॉडीची चमक. एका चाचणीचे नमुने शेवटच्या डोसनंतर दोन आठवड्यांचे होते, दुसरीचे सहा महिन्यांचे. त्यात मण्यांचे लॉट वेगळे. आयजीजी३ लवकर ओसरते, त्यामुळे माझ्या आलेखात लशींची तुलना कमी आणि कॅलेंडरची जास्त झाली होती. मिटिंगमध्ये एकाने शांतपणे विचारलं, "रक्त कधी घेतलं होतं?" तीन आठवड्यांचं काम गेलं.

तेव्हापासून दोन्ही चाचण्यांचे नमुने मी एकाच प्लेटवर, कोड लावून, मिसळून लावते. कोणता नमुना कुठला, ते मलाही माहीत नसतं. लसीआधीचं रक्त आणि प्लासिबोवाले सोबत हवेतच. किती जणांनी प्रतिसाद दिला आणि ज्यांनी दिला त्यांचा किती होता, हे दोन आकडे वेगळे ठेवा. सगळ्यांची एकच सरासरी काढली की निम्म्यांचं शून्य त्यात लपून जातं.

ही खबरदारी का, ते दक्षिण आफ्रिकेच्या अनुभवावरून कळतं. आरव्ही१४४ चीच लसजोडी तिथल्या एचआयव्हीच्या सी उपप्रकारासाठी बदलली आणि सोबतीला एमएफ५९ हे सहायक द्रव्य घातलं. आधीच्या छोट्या चाचणीत जीपी१२० विरुद्धच्या अँटिबॉडी भरपूर निघाल्या, व्ही१व्ही२ ला प्रतिसाद देणारे मात्र आरव्ही१४४ पेक्षा कमी. तरी ठरवलेला निकष पार झाला आणि एचव्हीटीएन ७०२ ही मोठी चाचणी सुरू झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये ती थांबवली, तेव्हा लस घेतलेल्यांत १२९ संसर्ग होते आणि प्लासिबोत १२३.

एक गोष्ट कॉलेजात कुणी सांगत नाही. लस घेतलेल्या स्वयंसेवकाची साधी एचआयव्ही तपासणी लशीमुळेच पॉझिटिव्ह येऊ शकते. भारतातली पहिली एचआयव्ही लसचाचणी २००५ मध्ये पुण्यात, भोसरीच्या 'नारी' (राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था) इथे सुरू झाली. अशा चाचणीत येणाऱ्या माणसाला नोकरीच्या किंवा लग्नाआधीच्या तपासणीत काय होईल, हे आधी समजावून सांगावं लागतं. प्रयोगशाळेत बसणाऱ्यांनीही ते एकदा शेजारी बसून ऐकावं.

शिकायचं काय? पिपेटचा हात, आर ही संगणकभाषा, आणि थोडं संख्याशास्त्र. जमलं तर फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशी एकेक करून ओळखायचं तंत्रही. कारण आयएव्हीआय जी००१ या एचआयव्ही लसचाचणीत टायटर मुख्य नव्हताच. हव्या त्या वंशाच्या बी पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) जाग्या झाल्या का, हे पेशी वेगळ्या काढून, त्यांचे जनुकीय क्रम वाचून मोजलं गेलं; लस घेतलेल्या ३६ पैकी ३५ जणांत त्या जाग्या झाल्या होत्या. आमच्याकडे हल्ली अर्ज आला की मी सगळ्यात आधी फ्लो सायटोमेट्री येते का, तेच बघते.