‘प्लेट, १२ नग’ : एक्सप्रेस कुरिअरच्या कस्टम्स टेबलावरून

कुरिअर कंपनीच्या कस्टम्स विभागात लागून महिनाही झाला नव्हता, तेव्हा मी एक शिपमेंट जवळजवळ दीड दिवस अडकवली. इनव्हॉइसवर मालाचं वर्णन होतं, ‘प्लेट, १२ नग’. रात्रीचे अडीच वाजलेले आणि यादीत अजून दोनशेवर ओळी बाकी. मी फार विचार न करता ६९१२ हा एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) टाकला, म्हणजे पोर्सेलिन सोडून इतर सिरॅमिकची जेवणाची भांडी. सकाळी अधिकाऱ्यांनी खोकं उघडायला लावलं, तर आत मोडलेली हाडं जोडायच्या टायटॅनियमच्या पट्ट्या. त्यांची जागा ९०२१.१० मध्ये. शिवाय असा माल आत यायला आरोग्य खात्याची परवानगी लागते. ती पाठवणाऱ्यानं जोडलेलीही होती, स्कॅनच्या तिसऱ्या पानावर. मी पहिल्या पानाच्या खाली गेलेच नव्हते.

आमच्या शिफ्टचे सर चिडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “वजन किती होतं गं?”

चारशे दहा ग्रॅम.

“मग बारा ताटल्या चारशे दहा ग्रॅममध्ये बसवून दाखव मला.”

त्या दिवसापासून मी ओळ वाचताना वर्णन, वजन आणि पाठवणाऱ्याचं नाव एकदमच वाचते. तिन्ही एकमेकांशी जुळली नाहीत तर पुढं जात नाही. पाठवणाऱ्याच्या नावातच ‘सर्जिकल’ हा शब्द होता, हे नंतर कळलं तेव्हा फारच लाज वाटली.

नव्यानं येणाऱ्यांना आधी हे पचवावं लागतं की या कामात माल दिसत नाही, दिसतात ते कागद. मेम्फिस, लुइव्हिल किंवा लाइपझिगसारख्या हबवरून (कुरिअर कंपन्यांच्या मुख्य केंद्रावरून) विमान उडालं की मॅनिफेस्टचा, म्हणजे विमानातल्या मालाच्या यादीचा डेटा आपल्याकडे येतो आणि विमान हवेत असतानाच एंट्री, म्हणजे कस्टम्सला द्यायची मालाची नोंद भरायची असते. माल पोचण्याआधी कागदपत्रं स्वीकारायची ही सोय आता जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण करारातच आहे. हा करार २२ फेब्रुवारी २०१७ रोजी लागू झाला आणि त्याच्या सातव्या कलमात एक्सप्रेस मालासाठी वेगळी तरतूद आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर, विमान टेकायच्या आत एंट्री मंजूर झाली तर पार्सल पट्ट्यावरून थेट गाडीत, नाहीतर अडकलेला माल ठेवायच्या जाळीच्या पिंजऱ्यात. पिंजऱ्यात गेलेलं पार्सल बाहेर काढायला जो वेळ जातो, त्यात वीस साध्या एंट्र्या होतात.

सगळ्या पार्सलांना सारखे कागद लागत नाहीत. ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची ‘तात्काळ सुटके’ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत चार गट केलेत. पहिला, पत्रं आणि व्यापारी किंमत नसलेली कागदपत्रं. दुसरा, इतक्या कमी किमतीचा माल की त्यावर शुल्क घेतच नाहीत. तिसरा, शुल्क लागतं पण किंमत कमी, म्हणून सोपा फॉर्म. चौथा, जास्त किमतीचा माल, ज्याला पूर्ण एंट्री लागते. प्रत्येक देशात फॉर्मची नावं आणि रकमेच्या मर्यादा वेगळ्या असतात, पण सांगाडा बहुतेक ठिकाणी हाच दिसतो. बंदी किंवा परवान्याचा माल कितीही स्वस्त असला तरी सोप्या रांगेत बसत नाही. पाच डॉलरचं औषधही औषधच.

या मर्यादा पाठ करून ठेवल्या की निभावलं, असं मला वाटायचं. निभावत नाही. युरोपीय संघानं २२ युरोपर्यंतच्या मालाला असलेली व्हॅटची माफी १ जुलै २०२१ ला काढून टाकली. अमेरिकेची ८०० डॉलरपर्यंतची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांच्या मालासाठी थांबली. अशा तारखांना काल दुसऱ्या गटात असलेला ढीग आज तिसऱ्या नाहीतर चौथ्या गटात येऊन पडतो. म्हणून शिफ्ट सुरू करताना आधी त्या दिवसाची परिपत्रकं बघायची, मगच यादी उघडायची.

आता एचएस कोड. ही पद्धत १ जानेवारी १९८८ पासून चालू आहे. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे, पुढचे ज्या त्या देशाचे. प्रकरणं ९७, त्यातलं ७७वं पुढच्या वापरासाठी रिकामं ठेवलेलं. नवे लोक काय करतात, शोधखिडकीत शब्द टाकतात आणि पहिला निकाल उचलतात. मीही तेच केलं होतं. खरं तर शीर्षकाचे, म्हणजे चार आकडी कोडसमोरच्या वर्णनाचे शब्द आणि विभाग-प्रकरणांच्या टिपा वाचल्याशिवाय कोड ठरत नाही, वर्गीकरणाचा पहिला नियमच तसा आहे. ‘शर्ट’ एवढ्यावर काहीच ठरत नाही. विणलेल्या, म्हणजे निटेड कापडाचा टी-शर्ट ६१०९ मध्ये जातो, मागावरच्या कापडाचा पुरुषांचा शर्ट ६२०५ मध्ये, आणि आतला उपकोड सुती की कृत्रिम धागा यावर अवलंबून. ‘मशीनचे पार्ट्स’ हा तर सापळाच. मशीन कितीही महागाचं असो, त्याबरोबर आलेला साधा लोखंडी बोल्ट ७३१८ मध्येच राहतो, कारण टिपांनी त्याला मशीनच्या भागांतून बाहेर काढलंय.

जुन्या इनव्हॉइसवरचा कोड तसाच उतरवून घेऊ नका. २०२२ च्या आवृत्तीत स्मार्टफोनला ८५१७.१३ असा स्वतःचा कोड मिळाला आणि आधीचा ८५१७.१२ रद्द झाला. तरी कित्येक पाठवणारे अजून बिनदिक्कत जुनाच छापतात. पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून येणार आहे, तेव्हा हा खेळ पुन्हा होईल.

वर्णन अपुरं असलं की मी तीन प्रश्न विचारते: काय आहे, कशाचं आहे, कशासाठी आहे. ‘गिफ्ट’, ‘सॅम्पल’, ‘स्पेअर’, ‘पर्सनल इफेक्ट्स’ या शब्दांनी तिन्हींपैकी एकाचंही उत्तर मिळत नाही. ‘गिफ्ट’ म्हणजे पाठवण्याचं कारण झालं, खोक्यात काय आहे ते कळायला हवं.

किमतीच्या बाबतीत लोक तुमच्याशी फोनवर भांडतील. “अहो, फुकट मिळालंय, वॉरंटीत बदलून दिलंय, किंमत शून्यच आहे!” त्यांचं म्हणणं प्रामाणिक असतं. पण कस्टम्सला मालाची किंमत हवी असते, खिशातून किती गेले हा वेगळा हिशेब. जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यांकन कराराप्रमाणे आधी धरतात ती प्रत्यक्ष दिलेली किंवा द्यायची किंमत. विक्रीच झाली नसेल तर त्याच किंवा तशाच मालाच्या किमतीवरून पुढं जातात. बदलून आलेल्या मदरबोर्डला बाजारात मोल आहेच. म्हणून इनव्हॉइसवर किंमत टाकायची आणि ‘फक्त कस्टम्ससाठी’ असं लिहायचं. शून्य किंवा एक डॉलर लिहिलेलं पार्सल आधी थांबतं, हे मी पाठवणाऱ्यांना सांगून सांगून थकलेय.

त्याच किमतीत विमानभाडं मिळवायचं की नाही, हे करारानं देशांवर सोडलंय. अमेरिकेत आंतरराष्ट्रीय भाडं धरत नाहीत, युरोपीय संघात सीमेपर्यंतचं धरतात. एक्सप्रेसचं भाडं कधी कधी मालापेक्षा जास्त असतं, त्यामुळे हा मुद्दा किरकोळ समजू नका.

शुल्क कोण भरणार, हे इन्कोटर्म्सवरून, म्हणजे विकणारा आणि घेणारा यांच्यात खर्च नि जबाबदारी वाटणाऱ्या ठरीव संज्ञांवरून कळतं. डीडीपी असेल तर पाठवणारा भरतो, डीएपी असेल तर घेणारा. डीडीयू ही संज्ञा २०१० च्या आवृत्तीतच गेली, तरी कागदांवर अजून भेटते. ती दिसली की फोन करून खात्री करा. बहुतेकांना डीएपीच म्हणायचं असतं, पण अंदाजावर कुणाच्या नावावर शुल्क टाकू नये.

वजनावरून आणखी एक. मॅनिफेस्टमध्ये खरं, काट्यावरचं वजन जातं. नवी मुलं बिलातलं वजन टाकतात. ते बऱ्याचदा लांबी, रुंदी, उंची गुणून पाच हजारांनी भागून काढलेलं आकारमानाचं वजन असतं. मग पिसांच्या उशीचं वजन विटांएवढं दिसतं आणि अधिकारी विचारतात, आत नक्की काय आहे?

एक छोटी युक्ती मला फार उशिरा कळली. विमान कंपनीच्या मास्टर एअर वेबिलवर (एकत्र पाठवलेल्या सगळ्या मालाच्या वाहतूक पावतीवर) आधी तीन आकडे कंपनीचे, मग आठ आकडे. आठांतल्या पहिल्या सातांची जी संख्या होते तिला ७ ने भागायचं, उरेल ती बाकी म्हणजे आठवा आकडा. १२३४५६७ ची बाकी ५, म्हणून क्रमांक १२३४५६७५. म्हणजे शेवटी ७, ८ किंवा ९ दिसला तर भागाकारही करायला नको, टायपिंग चुकलंय. पहाटे चार वाजता डोळे तारवटलेले असताना या बाकीनं मला किती वेळा वाचवलंय! (हे फक्त मास्टरला लागू. कुरिअर एकेका पार्सलला जे स्वतःचे हाउस क्रमांक देतं, त्यांची रचना ज्याची त्याची.)

शेवटचं काम कुणी शिकवत नाही, म्हणून सांगते: शिफ्ट संपताना होल्डची, म्हणजे अडकलेल्या पार्सलांची यादी कशी सोपवायची. माझ्या सुरुवातीच्या नोंदी ‘पार्टीशी बोलले, कागद येतील’ अशा असायच्या. पुढच्या शिफ्टला त्यातून काहीच कळायचं नाही, मग तेच लोक त्याच माणसाला तोच प्रश्न पुन्हा विचारायचे आणि शिव्या खायचे. आता मी अशी नोंद करते: ‘०५:४०, घेणाऱ्याशी बोलणं झालं. माल: स्टीलचा व्हॉल्व्ह, पाण्याच्या पंपासाठी. कॅटलॉगचं पान मागितलं, नऊपर्यंत पाठवतो म्हणाले. आल्यावर ८४८१ तपासा. खोकं पिंजऱ्यात डावीकडे, दुसरा कप्पा.’