सोनं सावरतंय? वेढणं घ्या, तेही थोडं थोडं

सोन्याचा भाव पडून पुन्हा वर यायला लागला की सगळी पुंजी एकदम ओतायचा मोह होतो. तसं करू नका. तळ नेमका कुठे होता हे नंतरच कळतं. दर गुरुपुष्याला एक-दोन ग्रॅम घ्या, चढ-उतारांची सरासरी आपोआप बसते. आणि गुंतवणूकच करायची तर दागिना नको, वेढणं, म्हणजे शुद्ध सोन्याचं साधं वळं घ्या. नक्षीच्या हाराची घडणावळ मोडताना परत मिळत नाही, 3 टक्के जीएसटीही गेलेलाच असतो. म्हणजे भाव तेवढा चढेपर्यंत तुम्ही तोट्यातच! दागिना घेतलाच, तर त्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा क्रमांक, भिंगातून वाचून ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर दुकानातच तपासा. पावती मात्र जपून ठेवा, मोडीच्या वेळी लागते.